लोटो किट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

साकीनाक्याला आमच्या गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंगची मशिनं आहेत आणि मेंटेनन्स माझ्याकडे आहे. मार्चमध्ये शेठच्या मागे लागून लोटो किट, म्हणजे लॉकआउट-टॅगआउटचा संच घेतला. मशीनमध्ये हात घालण्याआधी वीज तोडायची, स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. पेटीत लाल नायलॉनची कुलपं, हॅस्प (एकाच स्विचला अनेक कुलपं लावता येतील अशी भोकांची कडी), एमसीबीच्या (पॅनेलमधल्या आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचच्या) क्लिपा, प्लगवर बसणारी डबी, बॉल व्हॉल्व्हचं झाकण आणि टॅग असं सगळं होतं.

शेठचं पहिलं वाक्य होतं, "हे अमेरिकेचं फॅड आपल्याला कशाला?" अमेरिकेत हा नियम १९८९ साली आला हे खरं. पण आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २४ वाचा. वीज तोडणारं साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर सरकू शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करायची सोय हवी, असं त्यात होतं. हे दाखवल्यावर चेक निघाला.

गाळ्यांमध्ये याची गरज जास्त. आमचं पॅनेल जिन्याखाली आणि मशीन आतल्या टोकाला, त्यामुळे स्विच टाकणाऱ्याला साच्यात डोकं घातलेला माणूस दिसतच नाही. नुसती 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली तर ती वाऱ्याने पडते, नाहीतर प्रॉडक्शनच्या घाईत कुणी बाजूला सरकवतं. इमर्जन्सी बटण दाबून काम करणारेही पुष्कळ आहेत. ते बटण कंट्रोल सर्किट तोडतं. मेन पॉवर पॅनेलमध्ये तशीच जिवंत राहते.

संचातली सर्वांत कामाची वस्तू हॅस्प. एका हॅस्पला सहा कुलपं लागतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, साचा बदलणारा, ज्याने त्याने आपापलं लावायचं. शेवटचं निघेपर्यंत स्विच हलत नाही. सगळ्यांच्या वतीने सुपरवायझरने एकच कुलूप लावायची पद्धत मला अजिबात पटत नाही.

एमसीबीच्या क्लिपांना मात्र मी पाचपैकी दोनच देईन. नव्या एमसीबीवर त्या छान बसतात, पण आमचं अर्धं पॅनेल जुनं आहे आणि तिथे क्लिप नुसती डुगडुगते. जुन्या लोखंडी मेन स्विचच्या दांड्याला कुलपासाठी भोक असतं, तिथे क्लिपेची गरजच पडली नाही. म्हणून घेण्याआधी पॅनेलचे फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

पावसाळ्यात कुलपांच्या स्टीलच्या कड्या तांबारल्या. नायलॉनच्या अंगाला काही झालं नाही. तेल घातलं तर प्लास्टिकची भुकटी चिकटते, म्हणून ग्राफाइट पावडर वापरतो. टॅगवरची पेनाची अक्षरं तेलकट हातांनी महिन्याभरात गेली. आता प्रत्येकाचा फोटो आणि फोन नंबर असलेले लॅमिनेटेड टॅग केलेत, मजकूर मराठी आणि हिंदीत.

किटच्या माहितीपत्रकात नसलेली गोष्ट म्हणजे कुलूप फक्त स्विच अडवतं. वीज तोडल्यावरही हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब असतो, हवेच्या लाइनीत हवा असते, बॅरल (प्लास्टिक वितळवणारा नळा) दोनशे अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) कपॅसिटरमध्ये चार्ज असतो (किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्याच लेबलवर लिहिलेलं असतं). बॉल व्हॉल्व्ह बंद केला तरी पुढच्या नळीतली हवा सोडावीच लागते. प्रत्येक मशीनमध्ये काय काय उरतं आणि ते कसं सोडायचं, याचा कागद बनवायला आम्हाला किट घेण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि खरा फायदाही त्या कागदाचाच झाला. शेवटच्या दोन ओळी सगळीकडे सारख्या आहेत. मल्टीमीटर आधी चालू लाइनीवर तपासा, मग बंद केलेल्यावर, मग पुन्हा चालूवर. त्यानंतर स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय का ते बघा.

जोखमीच्या तक्त्यात आम्ही शक्यता आणि तीव्रता यांना पाचपैकी गुण देतो. कुलूप आल्यावर शक्यता चारवरून एकवर आणली, तीव्रता पाचच ठेवली. ऑडिटवाल्याने ती कमी का नाही केली म्हणून विचारलं. अहो, साचा मिटला तर हात तेवढाच चिरडणार!

एकदा इलेक्ट्रिशियन किल्ली खिशात घालून विरार लोकलने निघून गेला. रात्रपाळी खोळंबली आणि लगेच बोल्ट कटर शोधायला सुरुवात झाली. मी अडून बसलो. त्याला फोन लावला, तो गाळ्यात नाही याची खात्री केली, मशीन फिरून तपासलं, दोघांच्या सह्या घेतल्या, मग कापलं. आता तीच लेखी पद्धत आहे. दुसरी किल्ली दुकानदार देतो, ती आम्ही ठेवतच नाही.

अडकलेला एखादा पीस काढायला दर वेळी पूर्ण लोटो करायचं म्हटलं तर आठवड्यात कुलपं कपाटात जातील. तिथे सेफ्टी गेटचा इंटरलॉक (गेट उघडलं की मशीन थांबवणारी सोय) आणि पितळी सळई एवढ्यावर भागवतो, आणि इंटरलॉक रोज पाळी सुरू होताना तपासतो. गेट उघडं असतानाही मशीन चालावं म्हणून गेटच्या लिमिट स्विचला (गेट बंद आहे हे ओळखणाऱ्या स्विचला) तार बांधून ठेवणाऱ्यांनी मात्र किटवर पैसे घालू नयेत, आधी ती तार काढावी.

एकूण पाचपैकी चार. पुढच्या खरेदीत क्लिपा नाहीत. जादा हॅस्प आणि हवा आपोआप सोडणारे तीन-मार्गी व्हॉल्व्ह घेतोय.