सवलत मागावी की नियमच बदलायला लावावा?

अमेरिकेतल्या यूटा राज्यात प्रोव्हो इथल्या ब्रिघम यंग विद्यापीठात, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने चालवलेल्या विद्यापीठात, मुलांना दाढी राखायला मनाई आहे. वैद्यकीय कारण, धर्मश्रद्धा किंवा नाटकातली भूमिका असेल तर सवलत मिळते. ही वाट जवळची. त्वचेच्या त्रासाने गांजलेल्याला दिलासा आजच हवा असतो. पण प्रत्येकाने आपापलं कारण सिद्ध करत बसायचं, आणि नुसती आवड म्हणून दाढी राखू पाहणाऱ्याला इथे जागाच नाही.

नियम बदलण्याची वाट लांबची, तरी मला तीच पटते. वर्षानुवर्षं आवारात न मिळणारी कॅफीनयुक्त शीतपेयं २०१७ मध्ये तिथे विकायला आलीच ना! शिवाय दाढीने श्रद्धेला बाध येतो असं कसं म्हणावं? ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं, त्या ब्रिघम यंग या मॉर्मन धर्मनेत्यांनीही दाढी राखली होती.