डॉन कोसॅक, २८ मिमी: आठ महिने टेबलावर वापरल्यानंतर

युद्धखेळाच्या टेबलासाठी एक रेजिमेंट: नेपोलियनशी लढलेल्या रशियन डॉन कोसॅकांचे २८ मिमी मापाचे, धातूचे १० घोडेस्वार. १८१२ च्या डॉन रेजिमेंटमध्ये पाच सोत्निया, म्हणजे शंभरी तुकड्या असत. एका सोत्नियाला दोन स्वार आणि एक बेस धरला की हिशेब चोख बसतो.

पुतळे सुरेख आहेत. घोडे ठेंगणे, खोगीर उंच, टोप्यांची लोकर दिसते. पण सोबत ओतलेले भाले टाकाऊ! मऊ धातू दोन-तीन खेळांत वाकतो आणि सरळ करताना मुठीच्या वरच तुटतो. भाले सुरुवातीलाच बदला. मूठ हातड्रिलने १ मिमी पोखरा, अर्धं वरून, अर्धं खालून. एकाच बाजूने रेटलं तर पुतळ्याची बोटं फुटतात. १ मिमी पितळी तार ५४ मिमी कापा (खरा भाला साधारण ३ मीटरचा, त्याचा छप्पन्नावा भाग). शेवटचे ४ मिमी हातोडीने चपटे करून कानशीने पातं काढा. चिकटवताना मूठ आणि रिकीब, दोन्हीकडे सुपरग्लू लावा. एकाच जागी लावलं तर भाल्याच्या टोकाला बसलेला धक्का सगळा मुठीवर येतो आणि सांधा सुटतो. दोन सांध्यांचा एकही भाला अजून निघालेला नाही.

भाल्याला फरारा (लहान निशाण) लावू नका, लगेच पोलिश उलान, म्हणजे भालाइत, वाटायला लागतात. टाचांना स्परही (घोडा टोचायच्या आऱ्या) नकोत. कोसॅक नगायका नावाच्या चाबकाने घोडा हाकायचे.

रंगात निळा डगला ही खरी अडचण. बाटलीतला गडद निळा हातभर अंतरावरून काळाच दिसतो, म्हणून तीन थेंबांना एक थेंब राखाडी घाला. सगळे एकसारखे मात्र रंगवू नका. घोडा, हत्यार, कपडे ज्याचे त्याचे. आपल्याकडच्या भाषेत हे शिलेदार, बारगीर नव्हेत. दहांत तीन-चार विजारी करड्या-तपकिरी हव्यात, घोडे वेगवेगळ्या रंगांचे. लाल डगले लाइफ गार्ड, म्हणजे झारच्या खास पथकातल्या, कोसॅकांचे, ते यात मिसळू नका. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर दमट हवेने खरखरीत बसतो. त्या दिवसांत ब्रशचा प्रायमर बरा.

सगळ्यात जास्त फरक पडला बेसमुळे. नेहमीच्या घोडदळासारखे २५ मिमी रुंद बेसवर खांद्याला खांदा लावले, तेव्हा खेळाडू त्यांना भालाइतांसारखे थेट पायदळाच्या चौकोनावर (चारही बाजूंना संगिनी रोखलेली रचना) घालत होते आणि रेजिमेंट दोन फेऱ्यांत संपत होती. ६०×५० मिमी बेसवर दोन स्वार, एक पुढे एक मागे, असे बसवल्यावर कोसॅकांची विस्कळीत फळी (तिचं नावच ‘लावा’) नुसती पाहूनच कळते.

नियमही तसेच हवेत. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत प्लातोवचे कोसॅक आणि रशियन सेनापती उवारोवचं घोडदळ कोलोचा नदी ओलांडून फ्रेंचांच्या डाव्या बगलेवर गेलं. चौकोन फोडता आले नाहीत, तरी रायेव्स्की रिडाउटवरचा (रशियनांचा मातीच्या तटाचा तोफमोर्चा) फ्रेंचांचा मोठा हल्ला साधारण दोन तास लांबला. म्हणून शत्रूची एक ब्रिगेड कोसॅकांकडे तोंड वळवून उभी राहिली तर प्रत्येक फेरीला कोसॅकांच्या बाजूला एक गुण द्यावा. शिस्तबद्ध पायदळावर समोरून धाव बंद. तोफा ओढणारी जनावरं, सामानाच्या गाड्या, मोडलेल्या तुकड्या यांच्यावर पूर्ण मुभा.

ठेवताना फोम टाळा, भाले अडकतात. बेसखाली चुंबकी पट्टी आणि पत्र्याचा डबा वापरा. झाकणापर्यंत किमान ९० मिमी जागा मोजूनच डबा घ्या.