डिस्टिलरीतील फ्लेमप्रूफ दिवे आणि गॅसमापक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी विद्युत देखभालीचे काम पाहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये, गाळप सुरू होण्यापूर्वी, आम्ही ऊर्ध्वपातन विभाग आणि इथेनॉलच्या टाक्यांचा परिसर यांसाठी २४ फ्लेमप्रूफ (पेटणाऱ्या वाफेच्या जागी चालणारे) एलईडी दिवे, ३ पातळीमापक, खिशाला लावायचे ४ गॅसमापक आणि २ हातबॅटऱ्या घेतल्या. एक हंगाम, एक उन्हाळा आणि पहिला पाऊस या साहित्याने पाहिला आहे, म्हणून आता त्याविषयी लिहीत आहे.

इथेनॉलमधून पेट घेण्याइतकी वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसलाच निघू लागते, म्हणजे आमच्याकडे जवळजवळ बाराही महिने. हवेत तिचे प्रमाण सुमारे ३.३ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती गटारात व पंपांच्या खड्ड्यात साचून राहते. तरीही आमच्या जुन्या मागणीपत्रात ‘एफएलपी (फ्लेमप्रूफ) फिटिंग’ एवढेच लिहिलेले असे. या वेळी मी वायुगट (वाफेची ज्वाला किती अरुंद फटीतून पार होते त्यावरचा गट), तापमानवर्ग (पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापतो) आणि सभोवतालचे तापमान या तिन्ही गोष्टी लिहून मागितल्या, तसेच धनबादच्या सिम्फर (केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था) प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आणि पेसोची (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता दोन्ही मागितल्या. इथेनॉल आयआयबी गटात मोडते. हायड्रोजनसाठी लागणारा आयआयसी गट घेऊन जास्त पैसे मोजण्याची आम्हाला गरज नव्हती. तापमानवर्गही टी२ पुरेसा होता, परंतु एलईडी दिवे सहज टी४ मध्ये मिळतात, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग १३५ अंशांपलीकडे तापत नाही.

सभोवतालच्या तापमानाचा मुद्दा मात्र बहुतेक खरेदीदारांच्या नजरेतून सुटतो असे मला वाटते. प्रमाणपत्रात वेगळा उल्लेख नसेल तर उपकरण उणे २० ते ४० अंशांपर्यंतच तपासलेले असते, आणि मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या छताखाली मी स्वतः ४७ अंश मोजले आहेत. सर्वांत कमी दर देणाऱ्या पुरवठादाराचे दिवे ४० अंशांचेच निघाले. आम्ही ५५ अंशांपर्यंत मान्यता असलेले घेतले, आणि उन्हाळ्यात २४ पैकी एकही दिवा बंद पडला नाही.

दिवे दोन प्रकारचे घेतले होते : १३ आट्याच्या (फिरवून बसणाऱ्या) झाकणाचे आणि ११ आठ बोल्टांच्या झाकणाचे. आट्याचे दिवे महाग होते, तरीही आज सगळेच तसे घ्यायला हवे होते असे मला वाटते. फ्लेमप्रूफ म्हणजे आत वाफ शिरतच नाही असा समज आमच्या विभागातही होता. प्रत्यक्षात वाफ आत शिरते, ठिणगी पडली तर आत स्फोटही होतो. पेटी तो दाब सोसते आणि झाकण व पेटी यांच्यातील मिलिमीटरच्या अंशाइतक्या फटीतून बाहेर पडताना ज्वाला इतकी थंड होते की बाहेरची वाफ पेटत नाही. म्हणजे सारी सुरक्षितता त्या फटीवर अवलंबून आहे. फेब्रुवारीच्या तपासणीत एका दिव्याचे दोन बोल्ट गायब होते आणि दुसऱ्या दिव्याला बाजारातून आणलेला साधा बोल्ट लावलेला होता. पाच मीटर उंच शिडीवर उभे राहून, एका हाताने झाकण धरून आठ बोल्ट बसवायचे, तेही रात्रपाळीत. हे काम करणाऱ्या माणसाला मी दोष देऊ शकलो नाही. आट्याचे झाकण फिरवून शेवटचा छोटा स्क्रू आवळला की काम संपते. आटे सुस्थितीत असावेत आणि किमान पाच आटे एकमेकांत बसावेत, एवढेच पाहावे लागते.

जूनच्या पहिल्या पावसात चार दिव्यांत पाणी आढळले. फ्लेमप्रूफ असणे आणि पाणी अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांची रबरी कडी ठीक होती. पाणी केबलच्या ग्लॅंडमधून, म्हणजे केबल दिव्यात शिरते तिथल्या जोडातून, आले होते, कारण ठेकेदाराने आराखड्यातील दुहेरी दाबाच्या ग्लॅंडऐवजी एकेरी ग्लॅंड बसवले होते आणि ते काम स्वीकारताना आमच्याही लक्षात आले नव्हते. ग्लॅंड दिव्याच्याच मागणीपत्रात, त्याच्या प्रमाणपत्रासह मागवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. एका दिव्याच्या प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर होते. त्याचा अर्थ वापराच्या खास अटी आहेत असा होतो, आणि इथे अट अशी होती की प्लॅस्टिकची काच ओल्या फडक्यानेच पुसावी, कारण कोरड्या घर्षणाने तिच्यावर स्थिर विद्युतभार साठतो. आता तशी पाटी दिव्याखाली लावली आहे.

टाक्यांवरील पातळीमापक आयए प्रकारचे, म्हणजे अत्यल्प ऊर्जेवर चालणारे, आहेत. टाकीच्या आत वाफ सतत असते, म्हणजे तो शून्य क्षेत्राचा भाग आहे, आणि तिथे दोन दोष एकाच वेळी उद्भवले तरी ठिणगी वाफ पेटवू शकणार नाही इतकी कमी ऊर्जा जाणारेच उपकरण चालते. नियंत्रण कक्षात झेनर बॅरियरऐवजी (मापकाकडे जाणारी ऊर्जा अर्थिंगच्या आधारे मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणाऐवजी) आयसोलेटर (दोन्ही बाजूंचे विद्युतमार्ग वेगळे ठेवणारे उपकरण) घेतल्यामुळे एक ओहमपेक्षा कमी रोधाच्या स्वतंत्र अर्थिंगची काळजी उरली नाही. चालू विद्युतप्रवाहात मापक उघडून जुळवणी करता येते, ही सोय हंगामात फार मोलाची ठरली.

गॅसमापकांबद्दल मात्र मी पूर्ण समाधानी नाही. ते मिथेनवर जुळवलेले आले होते, आणि तसे राहिल्यास इथेनॉलचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. सुधारणा गुणक (मिथेनच्या आकड्यावरून इथेनॉलचे प्रमाण काढणारा आकडा) भरून घ्यायला पुरवठादाराने सहा आठवडे लावले. मार्चमध्ये एक मापक चाचणी वायूलाही (तपासणीसाठी दिलेल्या ठरावीक प्रमाणाच्या वायूलाही) प्रतिसाद देईना. जवळच कोणी सिलिकोनचा फवारा वापरला होता, आणि उत्प्रेरक संवेदक (मापकातील वायू ओळखणारा भाग) सिलिकोनने कायमचा निकामी होतो. मापकाचा दिवा मात्र नेहमीसारखा हिरवाच लुकलुकत होता, म्हणून आता प्रत्येक पाळीच्या आरंभी चाचणी वायू दिल्याशिवाय मापक कोणाच्या हाती देत नाही. हातबॅटऱ्या उत्तम आहेत, आणि त्यामुळे मोबाइलच्या उजेडात पंपाचा खड्डा पाहण्याची जुनी सवय सुटली.

चारही दिव्यांचे ग्लॅंड गेल्या आठवड्यात बदलून झाले. बोल्टाचे ११ दिवे पुढील गाळपापूर्वी जमिनीपासून हात पोचेल अशा जागी हलवायचे आणि वर सर्वत्र आट्याचेच लावायचे, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे.