स्टीअरिंगमधली ‘खट्’: क्रॉस की टाय रॉड?

पिकअपचं स्टीअरिंग फिरवताना ‘खट्’ वाजलं की गॅरेजवाला आधी टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बदलायला सांगतो. जरा थांबा. इंजिन बंद, स्टीअरिंगचं लॉक काढलेलं. एकाने स्टीअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने कॉलमच्या, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या, खालच्या क्रॉसवर (दोन दांडे जोडणाऱ्या सांध्यावर) बोट ठेवायचं. वरचा दांडा फिरतो, खालचा क्षणभर उशिरा हलतो आणि बोटाला टिचकी बसते? मग क्रॉसच गेलाय. ही खट् थेट हाताला लागते.

टाय रॉडची बहुतेकदा खड्ड्यात, चाकाकडून येते. चाक जॅकवर घेऊन दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवा, सांध्यातला प्ले (ढिलेपणा) दिसतो. टायरही कडेला झिजलेला असू शकतो.

मी आधी क्रॉसच बघतो. जॅक काढायचा कंटाळा, दुसरं काय!