चिपळूणच्या बाजारपेठेतलं सुट्ट्या चहाचं दुकान

पाटीवर दुकानाचं नाव नाही. पत्र्यावर लाल रंगात 'चहा पावडर' एवढंच लिहिलंय, आणि बाजारपेठेत 'सुट्टा चहावाले' म्हणून विचारलं की कुणीही बोट दाखवतं. आत तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथा पायरीवर. उजवीकडे पत्र्याचे डबे, वर माळा, आणि भिंतीवर आपल्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ. ती २२ जुलै २०२१ ची, वाशिष्ठी नदी बाजारात शिरली त्या दिवसाची. मालकांनी नंतर भिंत रंगवली पण रेघ तेवढी सोडली. तेव्हापासून पोतं खाली ठेवत नाहीत. हवा तो माल माळ्यावरून दोरीने डबा सोडून उतरवतात, त्यामुळे खोळंबा होतो. गुहागरची एसटी लागायला पाच मिनिटं असताना इथे शिरू नका.

मी गुहागरची. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, राहणं-जेवण घरगुती. म्हणजे चहाचं आधण आमच्याकडे पहाटे चढतं ते रात्री उतरतं. बारा महिने एकच पाकीट आणून बारा महिने एकच चहा पाजायचा, असं सगळेच करतात. या दुकानात जायला लागल्यापासून मी ते बंद केलं.

काका, म्हणजे मालक, पहिला प्रश्न भावाचा विचारत नाहीत. "वहिनी, दूध पिशवीचं की गोठ्यातलं?" हा पहिला. दुसरा, "घरच्यांना की मंडळींना?" मग मोठ्या दाण्याची ममरी, मधला दाणा आणि बारीक डस्ट असे तीन डबे उघडतात आणि मापाने मिसळतात. डस्ट रंग लवकर सोडते, कडकपणा देते. मोठ्या दाण्याला उकळी जास्त लागते, पण चव आणि वास त्याचा. म्हशीचं दाट दूध असेल तर डस्ट थोडी वाढवायची, नाहीतर चहाला नुसती दुधाचीच चव. पिशवीच्या पातळ दुधाला तीच पावडर घातली तर घसा धरेल असा कडू होतो. हे सगळं पाकिटावर कुठे लिहिलेलं असतं? आसामची ही दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी वळवून करतात. १९३० च्या आसपास हे यंत्र आसामात आलं, आणि आपला दुधाचा उकळलेला चहा आज त्याच दाण्यावर चालतो. अख्ख्या पानाचा चहा दुधात उकळून ही गोडी येत नाही. मी करून पाहिलंय, पैसे वाया.

आता आगोटीचं सांगते, कारण मला हे दुकान पटलं ते तिथेच. मे महिना सरता सरता आपल्याकडे तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकडं, सगळं भरून ठेवायचं. त्याच झपाट्यात चहाही तीन किलो आणून टाकायचा. मी तेवढाच मागितला, तर काकांनी अर्धा किलो बांधला. "बाकीचा जुलैत न्या." गिऱ्हाईक स्वतःहून जास्त मागतंय आणि दुकानदार देत नाही, असा अनुभव बाजारपेठेत दुसरीकडे घेऊन दाखवा! कारण साधं आहे. चहा ओल ओढतो आणि शेजारच्याचा वासही ओढतो. आपल्या पावसात मीठ पाणी सोडतं, आगपेटी लागत नाही, तिथे चहाचं काय घेऊन बसलात? त्यातून आपल्या कोठीत खालच्या फळीवर सुकट आणि बोंबील. ऑगस्टमधल्या चहाला सोड्यांचा वास येतो तो काही पावडरवाल्याचा दोष नसतो. काकांचं म्हणणं एवढंच की घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, गॅसपासून लांब ठेवा, ओला चमचा घालू नका, आणि पावसाळाभर थोडा थोडा न्या.

दुसरंही एक कारण त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून मला चहाचं पंचांग कळलं. आसामात थंडीत झाड निजतं, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी तोडणी बंद. मार्चमध्ये पहिली फूट येते. मे-जूनमध्ये दुसरी, आणि दुधाच्या चहाला हवा तो दाटपणा, तो माल्टासारखा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीसारखा, वास या दुसऱ्या फुटीत. तो माल लिलाव होऊन, व्यापाऱ्यांच्या हातातून आपल्याकडे पोचेपर्यंत पावसाळा अर्धा सरलेला असतो. म्हणजे मेमध्ये तीन किलो भरणारा माणूस गेल्या वर्षीचा माल भरतो आणि नवा येतो तेव्हा त्याचा डबा भरलेला! मी हल्ली जुलैत एक फेरी मारतेच. नव्या मालाचा डबा उघडला की फरक तिथल्या तिथे कळतो.

पावसाळ्यात आमच्याकडे दुधाचा कडक चहा, ठेचलेलं आलं आणि परसातला गवती चहा. या दिवसांत गवती चहाची पाती हातभर लांब होते. दोन पाती गाठ मारून आधणात टाकायची, म्हणजे गाळताना त्रास नाही. शहरातले पाहुणे ग्रीन टी मागतात तेव्हा मी हेच देते, पण सांगून देते, की हे चहाचं झाडच नाही, गवत आहे, यात कॅफिन नाही. रात्री जेवणानंतर 'काहीतरी गरम' हवं असणाऱ्यांना उत्तम. या दुकानात ग्रीन टीची बरणी आहे, पण ती घेऊ नका. काचेची बरणी, दारातल्या उजेडात ठेवलेली, पान पिवळट पडलेलं. ग्रीन टीला ८० अंशांच्या आतलं पाणी आणि दोन-तीन मिनिटं एवढाच मान हवा असतो. उकळत्या पाण्यात तो कडूच होणार, आणि जुना असेल तर कडू अधिक कुबट.

गणपतीत या दुकानाची खरी परीक्षा. चाकरमानी आलेले, घरात माणूस मावत नाही, आणि रात्री भजनी मंडळ वाडीतल्या घरोघरी फिरतंय. आरती झाली की चहा, भजन रंगलं की मध्ये चहा, उसळ-पावावर पुन्हा चहा. इथे नाजूक वासाचं कौतुक कोण करतो? टोपात आधण ठेवल्यावर झटपट रंग सुटला पाहिजे आणि शेवटच्या माणसाला पहिल्यासारखाच मिळाला पाहिजे. काका यासाठी डस्ट जास्त असलेलं वेगळं मिश्रण बांधतात, आणि हिशोबही देतात, शंभर छोट्या कपांना पाव किलो. आमच्याकडे बरोबर पुरतं. फक्त हा चहा उकळत ठेवून विसरू नका. काढा झाला तर मंडळी तोंडावर काही बोलत नाहीत, पुढच्या वर्षी आपल्या घरचं भजन लवकर आटोपतं. मी कोरा अर्क वेगळा गाळून किटलीत ठेवते आणि तापलेलं दूध ऐनवेळी घालते.

थंडी आपल्याकडे नावालाच, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे सुरूच्या बनाकडून वारा सुटतो तेव्हा गुळाचा चहा लागतो. दूध नासतं म्हणून बायका घाबरतात. गूळ अर्कात विरघळवायचा, गॅस बंद करायचा, मग वेगळं तापवलेलं दूध ओतायचं, नासत नाही. वरून जायफळ दोनदा किसणीवर फिरवायचं, बस. याच दिवसांत दुकानातला दार्जिलिंग घ्यावा. सेकंड फ्लश, म्हणजे तिथली मे-जूनची तोडणी, आणि विकतात शंभर ग्रॅमच्याच पुड्यांत. महाग आहे, मी शेवटचा घेतला तेव्हा पुडी २५० रुपयांना होती. साधी मिश्रणं ३६० ते ४८० रुपये किलो, त्यावरून अंदाज करा. पण कोऱ्या चहाची सवय असलेल्या आपल्या माणसाला हा कळतो. पाणी उकळून गॅस बंद, पान टाकायचं, झाकायचं, तीन मिनिटांनी गाळायचं. दूध नाही, आलं नाही, वेलची तर नाहीच. सासरे बशीत ओतून घेतात आणि म्हणतात, "याला द्राक्षासारखा वास आहे की गो." जगभरचे चाखणारे हेच म्हणतात, पण त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

बशीवरून आठवलं. दुकानात काउंटरमागे एक छापील तक्ता टांगलाय: चहाने वजन घटतं, साखर आटोक्यात येते, अमुक बरा होतो, तमुक पळतो. या तक्त्याला माझा एकही गुण नाही. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे म्हटलं तर साखरच चाळीस-पन्नास ग्रॅम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आत आली तर बरं म्हणते. तो चहा वजन कसं घटवणार? चहात पॉलिफेनॉल, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, असतात हे खरं. पण तेच जेवणातलं लोह धरून ठेवतात. माझ्या सुनेचं हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा डॉक्टरांनी पहिली गोष्ट तीच सांगितली, की जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेव आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. आपल्याकडे जेवून उठलं की लगेच चहा लागणाऱ्या बायका किती आहेत, मोजा. आणि बशीचं म्हणाल तर कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी 'संभाव्य धोक्याच्या' यादीत घातलं. धोका चहाचा नाही, चटक्याचा. फुर्र करून बशीतून पिणाऱ्या म्हाताऱ्यांना हसू नये.

भेसळीचं मी प्रत्येक नव्या पुडीला बघते. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर, वर पाण्याचे थेंब, जरा वेळाने पावडर झटकून कागद नळाखाली धरायचा आणि उजेडात बघायचा. चांगल्या चहाचा डाग राहत नाही, रंग लावलेला असेल तर कागदावर डाग उठतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सांगितलेली ही घरगुती तपासणी. एकदा दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या स्वस्त पुडीने कागदाचं कुंकू केलं होतं. या दुकानाचा कागद अजून कोराच आहे, आणि काकांसमोर केली तरी त्यांना राग येत नाही. उलट कागद तेच देतात.

उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मार्च ते मे आमच्याकडे पाहुण्यांची गर्दी, आंबा, आणि आल्याआल्या हातात कोकम सरबत. पण सकाळचा चहा कुणी सोडत नाही. गेल्या वर्षी काकांनी निलगिरी डोंगरातल्या चहाचं पान दिलं, थंड चहासाठी. रात्री गार पाण्यात टाकून फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी गाळायचं. निलगिरीचा चहा थंड झाला तरी गढूळ होत नाही, ग्लासात स्वच्छ दिसतो, आणि गार पाण्यात कडूपणाही कमी उतरतो. लिंबू पिळलं की रंग फिका पडतो तो आंबटपणामुळे, चहा बिघडत नाही. पुण्याच्या मुली चार-चार ग्लास प्यायल्या. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि गॅस पेटवला.

तक्रारी दोन. पिशवी फार पातळ, गुहागरपर्यंतच्या पंचेचाळीस किलोमीटरात गर्दीच्या एसटीत फुटते. आपला डबाच न्यावा, वजनातून वजा करून देतात. आणि तयार चहा मसाला. तो कधी कुटलाय ते त्यांनाही सांगता येत नाही, मिरीचा ठसका तेवढा शिल्लक, वेलचीचा पत्ताच नाही. जायफळ आपल्याकडे झाडावर, दालचिनी कुंपणाला. माझ्या परसातलं दालचिनीचं झाड 'कोकण तेज' जातीचं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं. त्याचं एक सालपट आधणात टाकलं तरी या बरणीपेक्षा सरस.

दुपारी एक ते चार बंद. पहिल्यांदा जाणार असाल तर मधल्या दाण्याचं घरगुती मिश्रण पाव किलो घ्या, दूध कुठलं ते न विचारता सांगा. मसाल्याची बरणी पुढे सरकवतीलच, तेव्हा नको म्हणा.