व्हिज्युअल स्टुडिओ कोडची सेटिंग्ज : एक परीक्षण

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा कोड लिहिण्याचा एडिटर २०१५ साली आला. त्याच्या थीम्सविषयी बोलण्यासारखे पुष्कळ असले, तरी रोजच्या कामाचा वेग ठरतो तो सेटिंग्जवर, म्हणून येथे तेवढ्याचाच विचार केला आहे. पर्याय इतके आहेत की ते क्रमाने वाचत बसण्यात अर्थ नाही. शोधचौकटीत नाव लिहावे हे बरे. तेथे @ चिन्हाला जोडून ‘मॉडिफाइड’ लिहिले की आपण बदललेली सेटिंग्ज तेवढी समोर येतात, ही सोय मला फार आवडली.

सर्वांत उपयोगी पडले ते ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’. ते मुळात बंद असते. चालू केल्यावर, त्या प्रोग्रॅमिंग भाषेचा फॉरमॅटर (मांडणी करणारे साधन) उपलब्ध असेल तर, फाइल सेव्ह करताच कोडची मांडणी नीट होते. मात्र ‘ऑटो सेव्ह’ ठरावीक विलंबाने होईल असे ठेवले असेल, तर त्या सेव्हच्या वेळी फॉरमॅटिंग होत नाही. ही अट न वाचताच मी दोन्ही चालू केली आणि बराच वेळ बिचाऱ्या फॉरमॅटरला दोष देत राहिलो. फोकस बदलल्यावर, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे वळल्यावर, सेव्ह होणारा पर्याय निवडला, तेव्हा काम सुरळीत झाले. जुन्या प्रोजेक्टमध्ये याचा आणखी एक जाच होतो : एक ओळ बदलली तरी संपूर्ण फाइल फॉरमॅट होते, आणि कोड तपासणाऱ्याला मूळ बदल शोधावा लागतो. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरत असाल, तर फक्त बदललेल्या ओळी फॉरमॅट करण्याचा पर्याय निवडता येतो. मात्र फॉरमॅटरनेही त्याला साथ द्यायला हवी.

टॅबची रुंदी २ ठेवूनही काही फाइल्समध्ये ती ४ दिसते, कारण ‘डिटेक्ट इंडेंटेशन’ (फाइलमधील ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा ओळखणारे सेटिंग) चालू असताना फाइलमधील मांडणी आपल्या आकड्यावर मात करते. हे वर्तन योग्य असले, तरी नवख्याला ते बिघाडासारखे वाटते.

मिनीमॅप, म्हणजे कडेला दिसणारा फाइलचा छोटा नकाशा, मी बंद केला. रुंद स्क्रीन असणाऱ्यांना तो चालेल.

प्रोजेक्टच्या फोल्डरमधील वर्कस्पेस सेटिंग्ज ही वैयक्तिक सेटिंग्जपेक्षा वरचढ ठरतात आणि गिटमध्ये टाकल्यास सर्व सहकाऱ्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून टॅबची रुंदी आणि फॉरमॅटर तेथे लिहावेत, पण फाँटचा आकार लिहू नये. माझ्या डोळ्यांना लागणारी मोठी अक्षरे इतरांच्या स्क्रीनवर कशासाठी?