डिस्क गेली म्हणून सांगितलेला लॅपटॉप खडेबाजारात उठून बसला

येळ्ळूरहून लॅपटॉप पोटाशी धरून बसनं गेलो. बेळगावच्या खडेबाजारात गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान माडीवर, जिना अरुंद, आणि मालक साडेअकराशिवाय शटर वर करत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्यासारखं पायरीवर बसायला नको.

माझा धंदा लग्नपत्रिकांचा. चार वर्षांच्या पत्रिका, श्रीलिपीच्या फाँटसकट, सगळ्या डी ड्राइव्हवर. विंडोज सारखं अडकायला लागलं म्हणून भाच्यानं घरीच पेनड्राइव्हवरून विंडोज 11 नव्यानं टाकायला घेतलं. कुठल्या ड्राइव्हवर टाकायचं हे विचारणारं पान आलं, तर यादी कोरी. ऐन लग्नसराईत! दुसऱ्या एका दुकानात दाखवलं, तिथं पाच मिनिटांत निकाल: डिस्क गेली, नवीन एसएसडी घाला, जुनं काही मिळणार नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही.

इथल्या मालकांनी लॅपटॉप हातात घेण्याआधी विचारलं, "आतलं काय काय पाहिजे, ते सांगा आधी." बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू होतं काय, हेही विचारलं. नव्हतं, असतं तर डी उघडायला 48 आकडी चावी शोधत बसावं लागलं असतं. मग थेट बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं लॅपटॉपचं मूळ सेटिंगचं पान. तिथं डिस्कचं नाव व्यवस्थित दिसत होतं. "दिसतीय की ओ! डिस्क हाय जाग्यावर, विंडोजला तिथवर वाट नाही."

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याच्याशी बोलायला लागणारा प्रोग्रॅम, घातलेला असतो, भाच्याच्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये नव्हता. भाच्यानं तो ड्रायव्हर, इंटेलचा आरएसटी, उतरवलाही होता म्हणे, पण ईएक्सई फाइल तशीच ठेवलेली. सेटअपला ती चालत नाही, आतल्या सुट्या फायली लागतात, आयएनएफ वगैरे. मालकांनी ती आपल्या कॉम्प्युटरवर उलगडली, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवला. सेटअपमध्ये टचपॅडही चालत नव्हता, म्हणून वायरचा माऊस लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग कोऱ्या यादीत एकामागून एक ओळी आल्या, आणि मी खुर्चीवरून उठलोच.

डी कुठली ते साइज बघून माझ्याकडूनच ओळखून घेतलं. दुकानातला पोरगा सगळंच डिलीट मारायच्या बेतात होता, मालक कन्नडात ओरडले, "ए, स्वल्प तडी!" म्हणजे जरा थांब. फक्त जुन्या विंडोजची जागा फॉरमॅट केली.

बायोसमधून व्हीएमडी बंदच का करत नाही, असं मी शहाणपणानं विचारलं. तसंही चालतं म्हणाले. पण बंद ठेवून विंडोज टाकलं आणि पुढं कधी बायोस मूळ सेटिंगवर गेला, तर व्हीएमडी परत चालू होणार आणि चालतं विंडोज निळा स्क्रीन दाखवणार. "मग तुम्ही मलाच शिव्या देणार." हे मला पटलं. वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घातले, डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या खुणा गेल्या. ड्रायव्हरचा फोल्डर माझ्या पेनड्राइव्हवर देऊनही टाकला. असं कोण करतं हो आजकाल?

सगळे मिळून 600 रुपये. पाचातला एक स्टार कापलाय तो पावतीसाठी. मागितली, तर माझ्याच पिशवीतली नमुन्याची पत्रिका घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर '600 मिळाले' लिहून दिलं. तारीखसुद्धा नाही.